परवान्यातला एक गट धरणात आहे

आमच्या घरात बंदूक आहे असं कळलं की पाहुण्यांच्या पोरांचे डोळे चमकतात. मग मी ती काढून दाखवतो आणि चमक जाते. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एका नळीची, दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाताच्या राखणीला घेतलेली. आमचं गाव पाटण तालुक्यात, वांग नदीच्या खोऱ्यात, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला. पाठीमागचा डोंगर चढून पलीकडं उतरलं की चांदोलीचं रान. त्यामुळं डुक्कर, गवा, मोर, वानर यांचं येणंजाणं आमच्याकडं पाहुण्यांपेक्षा जास्त.

खरं वाचण्यासारखं काय असेल तर त्या बंदुकीचा परवाना. त्यात क्षेत्राच्या रकान्यात चार गट नंबर लिहिलेत: ११८, ११९, २४१ आणि ३०६. यातला ३०६ मराठवाडी धरणाच्या पाण्याखाली आहे. (मराठवाडी हे आमच्या खोऱ्यातलं गाव, पलीकडच्या मराठवाड्याशी त्याचा काही संबंध नाही.) ११९ वाटणीत चुलतभावाकडं गेला. आणि २४१ कधीच आमचा नव्हता. आमचा गट २१४. मागं एका नूतनीकरणात कुणाच्या तरी हातून आकडे उलटे पडले, आणि २४१ ही गावची स्मशानभूमी आहे. म्हणजे कागदावर मला पिकाच्या राखणीसाठी बंदूक घेऊन स्मशानात बसायची मुभा आहे, पण स्वतःच्या भुईमुगात नाही.

हे सगळं मला आबा गेल्यावर नऊ वर्षांनी कळलं, तेही स्वतःहून नाही. ते पुढं सांगतो. ज्यांच्या घरात असा जुना परवाना कपाटात आहे, किंवा जे नव्यानं अर्ज करणार आहेत, त्यांनी तो जमिनीच्या अंगानं कसा वाचायचा, एवढ्यासाठी हे लिहिणं.

पहिली गोष्ट म्हणजे ‘शिकारीचं लायसन’ हा शब्द डोक्यातून काढा. महिन्याला एखादा तरी फोन येतो, काका शिकारीचं लायसन कुठं निघतं? कुठंच निघत नाही. शस्त्र परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि तो हत्यार जवळ बाळगायचा असतो. रानातलं जनावर येतं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, आणि त्याच्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं असंही नाही. फासे लावणं, विष ठेवणं, हाका घालून जनावर जाळ्याकडं वळवणं, यातला नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरतात. या दोन कायद्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि शेतकरी मधे उभा असतो. कलेक्टर ऑफिसनं दिलेल्या कागदानं डुक्कर मारता येत नाही, आणि फॉरेस्टनं दिलेल्या कागदानं बंदूक बाळगता येत नाही.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडं रायफलच्या परवान्यावर जमिनीची अट असते म्हणे. नवख्याला फक्त पोलिसांनी योग्य ठरवलेल्या जमिनीवरच रायफल चालवता येते. अनुभव आला की अट सैल होते, मग ज्या जमिनीवर मालकाची परवानगी आहे ती चालते. त्याला वाटलं आपल्याकडंही तसंच असेल. त्याला म्हटलं, बाबा, तिकडं ससा नि हरणं मारायची रीतसर सोय आहे, म्हणून जमिनीपासून सुरुवात होते. आपल्याकडं आधी जनावराचा कागद, मग जमिनीचा.

आता रायफल. पिकाच्या संरक्षणासाठी कायद्यानं सांगितलेलं हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. ती पुरत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बोलीत बारा बोअर, नळी किमान वीस इंच. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये हे स्पष्ट आहे. रायफल त्यात नाही. रायफलच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात, गोळी फिरत जाते आणि चुकली तर दोन-दोन किलोमीटर पुढं जाऊ शकते. आमच्या खोऱ्यात दोन किलोमीटरमध्ये तीन वाड्या आणि एक शाळा येते. रायफल ज्यांच्याकडं असते ती स्वसंरक्षण, नेमबाजी अशा दुसऱ्या कारणांवर मिळालेली असते. असा एक गृहस्थ मला म्हणाला, माझ्या परवान्यावर क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ आहे, म्हणजे मी कुठंही डुक्कर टिपू शकतो. ते क्षेत्र हत्यार घेऊन फिरण्याचं. चालवण्याचं नाही. त्याला हे पटलं नाही, पण रायफल त्यानं आमच्या शिवारात आणली नाही, एवढं बरं.

म्हणून आपला परवाना उघडलात की आधी दोन रकाने बघा. कारण काय लिहिलंय, आणि क्षेत्र काय लिहिलंय. कारण ‘पीक संरक्षण’ असेल तर क्षेत्रात बहुतेक गाव आणि गट नंबर सापडतील. स्वसंरक्षण असेल तर जिल्हा, राज्य किंवा अखिल भारत. पीक संरक्षणाच्या परवान्यात ती जमीन हाच परवान्याचा जीव. बांधाच्या पलीकडं तुम्ही बिनपरवाना नसलात तरी अट मोडणारे नक्कीच ठरता, आणि शस्त्र कायद्याच्या कलम ३० मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे.

मग परवाना एका हातात आणि सातबारा दुसऱ्या हातात घेऊन बसा. मी जेवणाच्या ताटाशेजारी घेऊन बसलो होतो, तसं करू नका, आमटी सांडते. सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून प्रत्येक गटाचा डिजिटल सहीचा उतारा काढा, पंधरा रुपयांचं काम. नाव बघा. आबांचं नाव कमी होऊन वारसांची लागलीत का? वाटणी होऊन गटाचे पोटहिस्से पडलेत का? परवान्यात ‘गट ११८’ असेल आणि आज तुमच्याकडं ११८/२ असेल, तर ११८/१ मधल्या सख्ख्या भावाच्या भातातही तुम्ही परकेच, हे भाऊबंदकीत कुणाला पटत नाही. आमच्या गावात दोन सख्ख्या भावांनी एका बंदुकीवरून सहा वर्षं बोलणं टाकलं होतं. बंदूक चांगली चालत असती तर एक वेळ समजलो असतो.

त्यानंतर उताऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना. बहुतेक जण तिथं फक्त सोसायटीचा बोजा बघतात. डोंगरकडेला असाल तर तिथं ‘राखीव वन’ किंवा ‘खाजगी वन’ असे शब्द आहेत का ते शोधा. ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या खाजगी वन संपादन कायद्यानं अशा कित्येक जमिनी सरकारकडं गेल्या. वहिवाट आपली, नाचणी आपली, नोंद मात्र वनाची. तसली जमीन परवान्यात दाखवली असेल तर तिथं बंदूक नेण्याआधी भाऊसाहेबांना, म्हणजे तलाठ्याला, फेरफार काढायला सांगा आणि तो फॉरेस्टला दाखवून विचारा.

आणि हद्द. कागदावरची हद्द आणि रानातली हद्द यात आमच्याकडं ओढा असतो, आणि ओढा दर पावसाळ्यात आपली जागा बदलतो. गाव नकाशा काढा, वनाच्या हद्दीचे दगड कुठं आहेत ते दिवसाउजेडी एकदा पायानं चालून बघा. शंका असेल तर भूमी अभिलेखकडं मोजणी टाका आणि मोजणीची ‘क’ प्रत जपून ठेवा. पैसे जातात, वेळही जातो. पण रात्री बारा वाजता, बॅटरीच्या उजेडात, डुकराच्या मागं धावताना हद्द कळत नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

कार्तिकातली गोष्ट. भात कापणीला आलेलं, ११८ मध्ये डुकरांनी दोन रात्रीत वाफेच्या वाफे लोळवले होते. तिसऱ्या रात्री मी माळ्यावर बसलो. डुकराचा कागद, म्हणजे ते मारायची फॉरेस्टची परवानगी, तेव्हा माझ्याकडं नव्हता. माझा बेत नुसता आवाज काढून हाकलायचा. बंदूक ठासलेली होती, पण बार पेटवणारी टोपी खिशात. कळप आला, मी ओरडलो, डबा वाजवला, कळप ११९ कडं वळला. मीही वळलो. बंदूक हातात, चप्पल चिखलात राहिली. चुलतभावाचं रान ओलांडलं, ओढा ओलांडला, पाच-पंचवीस पावलं वर चढलो आणि समोर उजेड आला.

फॉरेस्टचा गार्ड. माझ्या पोराच्या वयाचा. त्यानं आधी नळी खाली करायला सांगितली, मग बंदूक घेऊन घोड्याखालच्या निपलवर बोट फिरवलं. टोपी नाही म्हटल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला.

“काका, परवाना?”

मी अभिमानानं पाकीट पुढं केलं. त्यानं बॅटरी तोंडात धरून तो वाचला. इतक्या शांतपणे मी तो कधीच वाचला नव्हता.

“हा २४१ कुठं आला?”

“साहेब, तो आमचा भुईमूग.”

“२४१ मध्ये मी गेल्या महिन्यात मयतीला आलो होतो, काका.”

तिथं, वनाच्या हद्दीत, पायात चप्पल नाही, अशा अवस्थेत मला माझ्याच परवान्याची शिकवणी झाली. मी ११८ मध्ये उभा होतो तोवर ठीक. ११९ मध्ये पाऊल टाकलं तेव्हा गट परवान्यात होता, पण जमीन माझी नव्हती. ओढा ओलांडला तेव्हा दोन्ही संपलं. राखीव वनात शिकार करणं, गोळी चालवणं याला १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे, आणि हातात ठासलेली बंदूक घेऊन मी तिथं फुलं वेचायला गेलो नव्हतो हे कुणालाही दिसत होतं. टोपी चढवलेली नव्हती म्हणून जबाबावर निभावलं. बंदूक सात महिने जमा राहिली आणि परत आली तेव्हा नळीत गंज होता. त्याची तक्रार कुणाकडं करणार?

मग विचारपूस करता करता दहा किलोमीटरचा नियम कळला, आणि हा सातारा-सांगलीत अनेकांना लागतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपल्या नावाची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकाकडं करायची असते. अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत ती व्हायला हवी होती. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. आणि या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची आधी संमती लागते. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आणि दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिन्ही तारखांना आबांचा परवाना कपाटातच होता. नोंद एकदाही नाही.

हे फक्त डोंगरातल्यांचं झंझट आहे असं कृष्णाकाठच्या सांगलीकरांना वाटतं. सागरेश्वर विसरू नका. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटर मोजा: देवराष्ट्रे, कुंडल, ताकारी, सगळा उसाचा पट्टा आत येतो. मोजायचं ते गेटपासून नाही, हद्दीपासून, आणि एसटीच्या रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. मोबाइलवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते, पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देतो. नोंदीसाठी कायदा राहत्या घराचं अंतर विचारतो, शेताचं नाही, हेही ध्यानात घ्या. अभयारण्याच्या आत तर लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊलही टाकायचं नाही, कलम ३१. मधून रस्ता जातो आणि आपण नुसते पलीकडं चाललोय, ही सबब चालत नाही.

लोक कोअर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, आणि बफर, म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, यांत गोंधळतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा कोअर सुमारे ६०० चौरस किलोमीटर, बफर ५६५ च्या आसपास. बफरमध्ये गावं आहेत, मालकीची रानं आहेत. आपली जमीन बफरमध्ये आली म्हणून ती आपोआप अभयारण्य झाली असं नाही. पण बफर आहे म्हणून मोकळीक आहे, असंही कुणी समजू नये.

आता जनावराचा कागद, कारण तोही शेवटी जमिनीवरच येऊन टेकतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका करणाऱ्या काही प्राण्यांच्या शिकारीची लेखी परवानगी देता येते. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी ही वाट आहे, २०१५ मध्ये सरकारनं त्यावर निर्णय काढला. अर्ज रेंजर साहेबांकडं, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं. अर्जात गट नंबर, पीक आणि नुकसान लिहा, आणि परवान्यात आहे तोच गट नंबर लिहा. ज्याच्या रानात नुकसान, त्याचा अर्ज. शेजाऱ्याच्या अर्जावर माझी बंदूक त्याच्या रानात चालवायची तर माझ्या शस्त्र परवान्याचं क्षेत्र तिथवर पोचतं का, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो आधी लेखी सोडवायचा. तोंडी ‘मारा हो’ याला किंमत शून्य, मग ते सांगणारा सरपंच असो की आमदार.

गवा या वाटेनं येत नाही. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणातला. २०२१ च्या डिसेंबरात एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात घुसला होता, तेव्हा पांगलेली लोकं नि वनखात्याची धावपळ सगळ्यांनी पाहिली. तुमच्या उसात आला तर बंदूक कपाटातच ठेवा, फॉरेस्टला फोन करा आणि नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्या. मोर आला तरी बंदूक कपाटातच. भुईमुगाचं नुकसान मोर किती करतो हे मला कुणी सांगायला नको, पण त्याच्यावर छरा उडवला तर किमान तीन वर्षं आत. आणि दोषी ठरलात तर कोर्ट शस्त्र परवाना रद्द करू शकतं, मग पाच वर्षं पुन्हा मिळत नाही.

समजा सगळे कागद जुळले, डुक्कर तुमच्याच गटात होतं, बार लागला आणि ते उठून बांध ओलांडून वनात शिरलं. इथं माणूस चुकतो, कारण जखमी जनावर सोडवत नाही. बंदूक घेऊन मागं जायचं नाही. ठासलेली बंदूक रिकामी करून घरी ठेवायची, गार्डला फोन करायचा, तो आला की त्याच्याबरोबर हात मोकळे ठेवून जायचं. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, आणि ते तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. पाटावरवंटा काढायचा नाही. आमच्या खोऱ्यात निम्मी प्रकरणं बंदुकीच्या आवाजानं बाहेर आली नाहीत, रश्श्याच्या वासानं आली.

घर ते शेत हा तुकडा लोक विसरतात. घर गावठाणात, गट दीड किलोमीटरवर, मधे सार्वजनिक रस्ता. तेवढं अंतर बंदूक रिकामी आणि गवसणीत. नियमच आहे, सार्वजनिक ठिकाणी हत्यार उघडं मिरवायचं नाही. लग्नात, जत्रेत बार काढायचे नाहीत, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना गटापुरता असेल आणि नळी दुरुस्तीला कराडला न्यायची असेल तर मी आधी पोलीस ठाण्यातून पत्र घेतो. निवडणुकीत जमा करायचा निरोप आला तर जमा करा, पावती घ्या, आणि मुक्काम संपला की लगेच आणा. डुकराला आचारसंहिता लागू नसते, पण आपल्याला असते.

राहिली दुरुस्ती. हे काम नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे पाच वर्षांनी, बघू म्हणून ठेवू नका. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत जुन्या परवान्याची प्रत, आताचे सातबारा, आठ-अ, वारसाचा आणि वाटणीचा फेरफार, गाव नकाशावर आपला गट पेन्सिलीनं रंगवलेला. अर्जात एक-एक गट स्वतंत्र ओळीत: कुठला वगळायचा, कुठला घालायचा, कुठल्याचा नंबर दुरुस्त करायचा आणि का. पोलीस चौकशीला येतात तेव्हा त्यांना रानात घेऊन जा, बांधावर उभं करून दाखवा. वडील हयात असतील आणि ७० वर्षांचे झाले असतील, किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली असतील, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही ते केलं नाही. आबांच्या पश्चात सगळं नव्यानं करावं लागलं.

माझा अर्ज गेल्या माघात दिला. ११९ काढून टाकायला कुणाची हरकत नव्हती. २४१ च्या जागी २१४ करायला जुन्या परवान्याची झेरॉक्स लागली, ती आबांच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडली. अडलंय ते ३०६ वर. चौकशीला आलेल्या हवालदारांनी सगळे गट पाहायचा आग्रह धरला, म्हणून त्यांना धरणाच्या भिंतीवर नेलं आणि पाण्याकडं बोट केलं. त्यांनी वहीत ‘सदर जमीन जलमय’ असं लिहिलं, आणि गवसणीतल्या बंदुकीकडं बघत विचारलं, आता हिथं कशाची राखण करता?